पर्वत पेलणाऱ्याचा ठोसा

१९८४ साली अमेरिकेत मार्व्हलच्या नायकांबद्दल दोन गोष्टी छापून आल्या आणि त्या एकमेकींना खोटं पाडत होत्या. एक होती टीएसआर कंपनीचा ‘मार्व्हल सुपर हीरोज’ हा टेबलाभोवती बसून खेळायचा रोलप्लेइंग गेम. जेफ ग्रब यांनी रचलेल्या या खेळात ताकदीला पायऱ्या होत्या. ‘इनक्रेडिबल’ पायरीवरचा स्पायडरमॅन १० टन उचलणार, ‘अनअर्थली’ पायरीवरचा थॉर १०० टन. दुसरी गोष्ट म्हणजे ‘सीक्रेट वॉर्स’ मालिकेचा चौथा अंक. त्याच्या मुखपृष्ठावर हल्क अंगावर डोंगर घेऊन उभा आहे आणि डोंगराचं वजनही तिथंच दिलंय: १५० अब्ज टन.

१०० टन आणि १५० अब्ज टन यांच्यात दीड अब्ज पटीचा फरक आहे. नियमांनी आखलेली हद्द एकीकडे आणि चित्रात दिसणारं काम दुसरीकडे. तेव्हापासून आजवर सुपरहीरोंचे खेळ लिहिणाऱ्या जवळपास प्रत्येकाला या दरीशी झगडावं लागलं आहे. माझं मत असं, की बहुतेकांनी ती चुकीच्या जागी बुजवली. वजनाचा तक्ता लांबवत नेला, आणि त्या तक्त्याची किंमत टेबलावरच्या बाकीच्या खेळाडूंनी मोजली.

ज्यांनी हे खेळ पाहिले नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. एक जण गेम मास्टर होतो, म्हणजे जग आणि खलनायक त्याच्याकडे. बाकीचे एकेक पात्र घेतात. पात्राचा एक कागद असतो, त्यावर ताकद, चपळाई, बुद्धी वगैरेंचे आकडे. काही करायचं झालं की फासे टाकायचे आणि कागदावरच्या आकड्याशी ताडून निकाल लावायचा. बुद्धिबळासारखं यात हरणं-जिंकणं नसतं. सगळ्यांनी मिळून एक गोष्ट घडवायची असते. म्हणून टेबलावरचा प्रत्येक जण त्या गोष्टीत कामाला यावा, ही या खेळांची पहिली अट. पुढचं सगळं या अटीभोवती फिरतं.

साध्या माणसांच्या खेळात ताकदीचा आकडा सरळ रेषेत वाढवला तरी भागतं. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या पाचव्या आवृत्तीत ताकद गुणिले १५ म्हणजे पात्र किती पौंड ओझं वाहील ते. ताकद २० असली की ३०० पौंड. पण त्याच हिशेबानं १०० टन वाहायचे म्हटले तर ताकदीचा आकडा दहा हजारांच्या पुढे जातो. तसा कागद कुणी हातात धरणार नाही.

यावरचा उपाय जॉर्ज मॅकडोनाल्ड आणि स्टीव्ह पीटरसन यांच्या ‘चॅम्पियन्स’ या १९८१ च्या खेळात दिसतो. तिथं ताकद १० असलेला माणूस १०० किलो उचलतो आणि ताकद पाचनं वाढली की वजन दुप्पट होतं. १५ ला २०० किलो, २० ला ४००, आणि असं दुपटीनं चढत ६० ला साधारण १०० टन. भारतीय रेल्वेचं डब्ल्यूएपी-७ इंजिन १२३ टनांचं असतं, म्हणजे साठाच्या जरा वर. माणसापासून रेल्वे इंजिन उचलणाऱ्यापर्यंतचा सगळा पल्ला फक्त ५० आकड्यांत बसला. बुद्धिबळाच्या पटावर गव्हाचे दाणे दुप्पट करत नेण्याची जुनी गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकलीय. इथं तीच गोष्ट उलटी वापरलीय, राजाचं कोठार एका छोट्या आकड्यात कोंबायला.

मेफेअर कंपनीच्या ‘डीसी हीरोज’ने १९८५ मध्ये हीच कल्पना टोकाला नेली, आणि मला वाटतं या सगळ्या परंपरेतलं ते सर्वांत देखणं गणित आहे. ग्रेग गॉर्डन यांनी वजन, अंतर, वेळ, ताकद सगळंच दुपटीच्या एकाच मोजपट्टीवर बसवलं. शून्याला ५० पौंड वजन, शून्याला १० फूट अंतर, शून्याला ४ सेकंद, आणि प्रत्येक पायरीला दुप्पट. याचा फायदा असा की गुणाकार-भागाकाराची जागा बेरीज-वजाबाकी घेते. वस्तू किती लांब फेकली? ताकदीतून वजन वजा करा, उरलं ते अंतर. मोटारीचं वजन ६ धरा, सुपरमॅनची ताकद २५. उरले १९. तक्त्यात १९ म्हणजे १,६०० किलोमीटर. मुंबईतून फेकलेली मोटार जवळजवळ कोलकात्याला पोचेल. वाटेत हवेच्या घर्षणानं तिचं काय उरेल हे नियम विचारत नाही, आणि तेही बरंच आहे.

पण याच देखण्या गणितात एक चकवा आहे. पहिल्या आवृत्तीत सुपरमॅनची ताकद ५० होती. १९८६ मध्ये जॉन बर्न यांनी कॉमिक्समधला सुपरमॅन नव्यानं आणि मुद्दाम कमजोर करून मांडला, आणि १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत खेळानंही आकडा २५ वर आणला. कागदावर पाहणाऱ्याला वाटतं, अर्धा झाला. प्रत्यक्षात तो सुमारे ३ कोटी ३५ लाख पटीनं कमी झाला. दुपटीची मोजपट्टी प्रचंड फरक लपवते. हिशेबाला ते सोयीचं आहे, पण लपलेला फरक कधीतरी टेबलावर बाहेर येतोच.

तो बाहेर येतो ठोशात. ‘चॅम्पियन्स’मध्ये दर ५ ताकदीला मारामारीसाठी एक फासा मिळतो. ६० ताकदीच्या पात्राला १२ फासे, सरासरी ४२ चा मार. समोरच्याचा बचाव २५ असला तर १७ लागतो. दुखतं, पण लढाई चालू राहते. खेळ या मापावर छान चालतो. आता सीक्रेट वॉर्समधला हल्क याच नियमांत बसवू. १०० टनांपासून १५० अब्ज टनांपर्यंत जायला साडेतीस वेळा दुप्पट करावं लागतं. ताकद होते २१२ च्या आसपास. फासे ४२, सरासरी मार १४७. बचाव २५ असलेला आपला बिचारा खलनायक एका ठोशात मरणाच्या दारात. आणि ज्या खलनायकाला हा ठोसा झेपेल, तो संघातल्या बाकी सगळ्यांच्या हल्ल्यांना नुसता हसेल. टेबलावर पाच जण बसलेत, त्यांतल्या चौघांनी त्या रात्री काय करायचं?

मौज म्हणजे हे सगळं विकतही घेता येतं. त्या खेळाच्या चौथ्या आवृत्तीत सुपरहीरो घडवायला साधारण २५० गुण मिळायचे आणि ताकदीचा एक आकडा एका गुणाला. जन्मतः १० मिळतात, म्हणजे २०२ गुणांत डोंगररांग उचलता येते आणि कपडेलत्ते, उडणं, गुप्त ओळख यांसाठी ४८ गुण शिल्लकही राहतात. म्हणूनच बहुतेक गेम मास्टर आधीच बजावून ठेवतात: १२-१४ फाशांच्या पुढे जायचं नाही. नियमानं दिलेली मुभा टेबलानं काढून घ्यायची. हा उपाय चालतो, पण तो उपाय म्हणजे नियम फसल्याची कबुलीच आहे.

माझं पहिलं म्हणणं असं, की उचलण्याची ताकद आणि मारण्याची ताकद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि नियमांनीही त्या वेगळ्याच लिहाव्यात. यावर लगेच कुणीतरी म्हणतं, हे नाटकी आहे; जो पर्वत उचलतो त्याचा ठोसा पर्वताएवढाच असणार. अजिबात नाही. ट्रकच्या गॅरेजमध्ये जाऊन पाहा. वीतभर उंचीचा हायड्रॉलिक जॅक वीस टनांचं ओझं उचलून धरतो. तोच जॅक कुणाच्या थोबाडीत मारू शकत नाही, कारण तो मिनिटाला काही बोटं सरकतो. पेलणं म्हणजे बल आणि चिकाटी. ठोसा म्हणजे बल आणि वेग. वेटलिफ्टर आणि बॉक्सर यांची शरीरं वेगळी असतात ती उगीच नाही. ‘गर्प्स’च्या २००४ च्या चौथ्या आवृत्तीनं उचलायची ताकद आणि मारायची ताकद वेगवेगळी विकत घ्यायची सोय केली, आणि स्टीव्ह केन्सन यांच्या ‘म्युटंट्स अँड मास्टरमाइंड्स’च्या तिसऱ्या आवृत्तीत ‘फक्त उचलण्यापुरती’ अशी अट घालून ताकद स्वस्तात मिळते. वर हल्ल्याचा नेम आणि माराची तीव्रता यांच्या बेरजेवरही तिथं मर्यादा आहे. हे शहाणपणाचं आहे. एवढ्या एका बदलानं निम्मं दुखणं जातं.

उरलेलं निम्मं मात्र तक्त्यानं बरं होणार नाही. काही जण ते भौतिकशास्त्रानं बरं करू पाहतात. त्यांच्यासाठी एक छोटा हिशेब: हल्कच्या दोन्ही तळव्यांचं क्षेत्रफळ उदारपणे दहावा हिस्सा चौरस मीटर धरा. १५० अब्ज टनांचा भार तेवढ्या जागेवर आला तर पायाखालचा दाब पृथ्वीच्या केंद्रातल्या दाबाच्या सुमारे ४० हजार पट होतो. हल्क टिकेल, जमीन टिकणार नाही. तो सुई कापडात शिरावी तसा खाली जाईल आणि डोंगर वर तसाच पडून राहील. कॉमिक्सवाल्यांनाही ही अडचण कळते, म्हणून तर १९९३ च्या सुपरबॉयला स्पर्शानं वस्तू पेलणारी मानसिक शक्ती दिली गेली. पण असं स्पष्टीकरण मान्य केलं की मग स्नायूंची ताकद मोजायचं कारणच उरत नाही. या वाटेनं जाण्यात अर्थ नाही.

त्यापेक्षा तो चौथा अंक पुन्हा उघडावा. डोंगर पडलाय, हल्कनं तो पेललाय, आणि त्याच्या खाली बाकीचे नायक अडकलेत. हल्कची ताकद रागावर चालते. राग कमी झाला की हात खाली येणार. म्हणून रीड रिचर्ड्स त्याला मुद्दाम टाकून बोलतो, डिवचतो, म्हणजे तो भडकलेला राहील. त्याच वेळी रीड आयर्न मॅनच्या चिलखतात खटपट करून बाकीच्यांची ऊर्जा त्यातून एकवटतो आणि बाहेर पडायची वाट फोडली जाते. हल्क वजन उचलून एक काम करतोय: तो दुसऱ्यांना वेळ मिळवून देतोय. प्रसंगाचा जीव तिथं आहे. ‘किती टन’ याचं उत्तर मुखपृष्ठावर छापलेलं आहे, त्याबद्दल वाचकाला कसलीच धाकधूक नाही. धाकधूक आहे ती ‘किती वेळ’ याची.

जुन्या गोष्टींना हे ठाऊक होतं. आमच्या घरांतून खैबरच्या लढाईची गोष्ट सांगितली जाते. हजरत अलींच्या हातून ढाल पडली तेव्हा त्यांनी गढीचं दारच उचलून ढालीसारखं वापरलं. इब्न इसहाकच्या चरित्रग्रंथात ही हकीकत अबू राफे यांच्या तोंडून येते, आणि ते दाराचं वजन सांगत नाहीत. ते सांगतात की लढाई संपल्यावर आम्ही आठ जणांनी मिळून ते दार उलटवायचा प्रयत्न केला आणि जमलं नाही. पुढच्या काही कथनांत आठाचे चाळीस झाले, ते सोडा. मुद्दा असा की ताकद इथं दुसऱ्या माणसांच्या मापानं मोजली आहे, आणि ती दिसते एका गरजेच्या क्षणी. महाभारतातल्या भीमाचं बळही हत्तींत मोजतात. मण-शेरांत कुणी मोजत नाही, आणि ऐकणाऱ्याचं त्यावाचून काही अडत नाही.

म्हणून माझं दुसरं म्हणणं. १०० टनांपर्यंत तक्ता ठेवा. तो हवाच. खेळाडूला बस उचलता येईल की नाही, रेल्वेचा डबा येईल की नाही, हे दर वेळी गेम मास्टरला विचारावं लागू नये. पण त्यापलीकडे तक्ता बंद करा. कोसळणारं धरण, पडणारं विमान, डोंगर: यांना वजन देऊच नका. ज्या पात्राची ओळखच ‘सगळ्यांत बलवान’ अशी आहे, त्याला ‘जमतं का?’ म्हणून फासे टाकायला लावू नका. जमतं. फासे टाका ते पुढच्या प्रश्नांसाठी. किती वेळ धरवतं? दर फेरीला काय मोजावं लागतं? आणि तेवढ्या वेळात बाकीचे काय करतात?

आताच्या नियमांत याच्या जवळ जाणारी एक तरतूद आहे, जीव तोडून जोर लावायची. पण ती फार कंजूष आहे. ‘चॅम्पियन्स’मध्ये जोर लावून सहसा १० ताकद वाढते, म्हणजे वजन चौपट. ‘म्युटंट्स अँड मास्टरमाइंड्स’मध्ये थकवा पत्करून एक पायरी चढता येते, म्हणजे दुप्पट. नेहमी शंभर टन उचलणारा आज प्राण पणाला लावून दोनशे उचलतोय, यात कसली कमाल? कॉमिक्समध्ये असा क्षण येतो तेव्हा नेहमीचं माप दुप्पट होत नाही, ते माप फेकूनच दिलेलं असतं.

आमच्या टेबलावर मी हे असं चालवतो. पुलाचा एक गाळा खचला, त्यावर लोक आहेत, बलवान पात्र खाली शिरून तो पेलतं. मी सहा घरांचं एक वर्तुळ काढतो आणि दर फेरीला एक घर भरतो. हे घड्याळ मी दुसऱ्या खेळांतून उचललंय. ‘ब्लेड्स इन द डार्क’ खेळलेल्यांना ओळखीचं वाटेल. घर भरू द्यायचं नसेल तर पेलणाऱ्या खेळाडूनं काहीतरी द्यायचं: दमाचे आकडे, एखादी जखम जी पुढच्या दोन बैठका कागदावर राहील, किंवा चेहऱ्यावरचा मुखवटा सावरायला हात मोकळा नाही म्हणून उघडी पडणारी ओळख. आणि याच फेऱ्यांत टेबलावरचं सर्वांत ‘दुबळं’ पात्र, जिला कसलीच शक्ती नाही ती रुग्णवाहिकेवरची बाई, लोकांना पुलावरून खाली आणत असते. खेळाडूंचे डोळे तिच्या फाशांवर असतात. तिनं चांगला फासा टाकला की सर्वांत मोठ्यानं ओरडतो तो पूल धरलेला खेळाडू. ४२ फाशांच्या ठोशानं हे कधीच घडलं नसतं.

यावर एक रास्त आक्षेप आहे: मग १०० टनवाला आणि डोंगरवाला यांच्यात फरक काय राहिला? फरक राहतो, फक्त तो वजनात राहत नाही. थॉरला घड्याळाची सहा घरं मिळतील, स्पायडरमॅनला त्याच पुलाखाली दोन, आणि बॅटमॅनला एकही नाही. त्यानं दुसरी युक्ती काढावी. दुसऱ्या बाजूचे लोक म्हणतात की मग आकडे हवेतच कशाला. ‘मास्क्स’ या २०१६ च्या खेळात ताकदीचा आकडाच नाही. तिथले आकडे तरुण नायक स्वतःकडे कसं पाहतो याचे आहेत. खेळ सुंदर आहे, पण त्यात मला बस उचलल्याचा आनंद मिळत नाही. दोन पात्रांपैकी एकाला ट्रक जड जातो आणि दुसऱ्याला हलका, ही छोटी, शाळकरी मजा मला सोडवत नाही.

आवरण्याचं काय, हा प्रश्न मात्र फार थोड्या नियमांनी घेतला. १९८४ च्या त्या मार्व्हल खेळात एक नियम होता, ज्याचं मला आजही कौतुक वाटतं. चांगली कामं करून नायक ‘कर्मा’ गुण साठवतो, आणि फासे कमी पडले की ते खर्च करतो. त्यानं कुणाचा जीव घेतला तर साठवलेले सगळे गुण एका झटक्यात शून्य. म्हणजे सर्वांत ताकदवान खेळाडूला दर ठोशाआधी विचार करावा लागतो की आपण किती जोरानं मारतोय. पैलवानापेक्षा राग आवरणाऱ्याला प्रेषितांनी अधिक बलवान म्हटल्याची हदीस आम्ही लहानपणापासून ऐकत आलोय. हल्क हे पात्र त्याच्या बरोब्बर उलट्या टोकाला उभं आहे, आणि म्हणून खेळायला इतकं अवघड आहे. त्याचा राग वाढला की आकडा वाढवणारे नियम पुष्कळ आहेत. आकडा वाढत असताना जवळ उभ्या असलेल्या मित्राला काय होतं, हे विचारणारे नियम शोधावे लागतात. मी माझ्या घड्याळात एक भर घातलीय: रागाच्या जोरावर घर पुसता येतं, पण मग पुढच्या फेरीत कुणाचा तरी घात होतो, आणि तो कुणाचा हे फासे ठरवतात, खेळाडू नाही.

फेकण्याचं कोडं अजून सुटलेलं नाही. पेललेला डोंगर खलनायकावर फेकतो, असं कुणी म्हणालं की माझं घड्याळ निरुपयोगी होतं आणि पुन्हा ‘डीसी हीरोज’ची वजाबाकी आठवते. तोवर माझ्या टेबलावर डोंगर फक्त खाली ठेवता येतो, आणि ठेवायच्या आधी तिथं खाली कोण आहे हे बघायला एक फेरी खर्च करावी लागते.